अर्जदार नव्हे, दावेदार

आमच्या खोलीत कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. आज्याची. आजा वारणेच्या पलीकडून कोल्हापुरात आला, शाहू मिलमध्ये लागला, तेव्हा ही ट्रंक डोक्यावर घेऊन आला. तिच्यात दागिना नाही, पैसा नाही. कागद आहेत. नुसते अर्ज. सुरुवात ‘सेवेशी’, शेवट ‘नम्र अर्जदार’, आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. मी एकदा सूतगिरणीची रात्रपाळी करून आल्यावर झोप येईना म्हणून मोजले. एकतीस अर्ज भरले. उत्तरं चार.

सगळ्यात जुना कागद १९३८ सालचा. पणज्याचा. मोडीत आहे, एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून घेतला. पणजा सरकारी टपाल घेऊन पुराच्या पाण्यातून तालुक्याला निघाला होता. ओढ्यात पाय मोडला. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. पणज्यानं अर्ज केला, सरकारच्या कामात पाय गेला, मायबाप सरकारनं काहीतरी मदत करावी. उत्तर आलं की सदर इसम वतनदार आहे, त्याच्या सेवेचा मोबदला वतनात आहे, वेगळं काही देता येत नाही.

आजी हे सांगायची तेव्हा हसायची. “वतनदार म्हनं! घरात भाकरीचा तुकडा न्हाई, आन् वतनदार!”

मी शाळा दहावीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं रिंगफ्रेमच्या घरघरीत आणि लायब्ररीच्या बाकावर शिकलो. पण पणज्याचा हा कागद मला सोडीना. शेजाऱ्यानं बांध कोरला तर माणूस कोर्टात जातो. सरकारनंच बांध कोरला तर त्यानं कुठं जायचं? सरकारकडं ज्याचं येणं आहे, त्यानं ते कुणाकडं मागायचं? या प्रश्नाचा इतिहास आपल्याच घराघरांत, ट्रंकांत, फडताळांत पडलेला आहे. तो आपण वाचत नाही. म्हणून हा लेख.

१

आधी वतन म्हणजे काय ते नीट बघू. आपल्यात एक कथा सांगतात. बेदरच्या बादशहाकडं अमृतनाक नावाचा महार होता. त्यानं पळवून नेलेल्या बेगमेला जिवावर उदार होऊन परत आणलं. बादशहा म्हणाला, माग काय मागायचं ते. अमृतनाकानं स्वतःसाठी काही मागितलं नाही. सगळ्या जातीसाठी बावन्न हक्कांची सनद मागितली. ही कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते बाजूला राहू दे. पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांनी ती छातीशी धरली. त्यातला एक गुण खरा आहे. त्या माणसानं एकट्यापुरतं मागितलं नाही. पण मागितलं काय? तर मेलेलं ढोर, मढ्यावरचं कापड, दारोदारची भाकरी. हक्क म्हणून जे हाती आलं तीच पुढं बेडी झाली.

इंग्रजी अमलात या बेडीला कायद्याचं कुलूप लागलं. मुंबई इलाख्यात १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला, त्यालाच आपण वतन कायदा म्हणतो. त्यात महार हा कनिष्ठ गावनोकर. टपाल नेणं, खजिन्याबरोबर जाणं, लोकांना चावडीवर बोलावणं, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं, मुक्कामाला लाकूडफाटा पुरवणं, मयताचा सांगावा परगावी नेणं. कामाला ना दिवस ना रात्र. आणि मोबदला? इनाम जमिनीचा तुकडा आणि रयतेनं खळ्यावर घातलं तर बलुतं. सरकारचं काम, पण पगार द्यायचा गावानं. गाव रुसलं की बलुतं बंद. काम मात्र बंद नाही.

जमीन तेवढीच, वारस वाढत गेले. पणज्याच्या वेळी त्याच्या वाट्याला आलेली जमीन एवढी होती की बैल वळवायलाही शेजारच्या रानात जावं लागे. पण राबणूक वाटून कमी झाली नाही. घरचा कर्ता गडी गावात नसेल तर त्याच्या बापानं जायचं, पोरानं जायचं. हे बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात उभं राहून सांगितलेलं आहे, माझ्या पदरचं नाही.

आता याच कायद्याच्या राज्यात देशमुख-देशपांड्यांचं काय झालं ते बघा. तेही वतनदारच. पण १८६०च्या दशकात सरकारनं त्यांच्याशी तडजोड केली. तिला गॉर्डन सेटलमेंट म्हणतात. तुमची नोकरी आता नको, जमिनीवर थोडी जुडी भरा, वतन तुमच्याकडं राहू द्या. नोकरी सुटली, जमीन राहिली. परगण्याच्या वतनदाराला जे सहज मिळालं, ते गावकुसाबाहेरच्या वतनदाराला मागूनही मिळायला पुढं शंभराला थोडीच कमी वर्षं लागली.

२

मग आपली माणसं कोर्टात का गेली नाहीत? अडाणी होती म्हणून, असं आपलेच शिकलेले लोक सांगतात. खोटं आहे. कोर्टाचं दार कायद्यानं बंद केलेलं होतं.

१८७१ साली पेन्शनचा कायदा झाला. त्यानं ठरवलं की सरकारनं दिलेलं पेन्शन, रोख नेमणूक किंवा जमीनमहसुलाची देणगी यांबद्दलचा दावा दिवाणी कोर्टानं घ्यायचा नाही. घ्यायचाच झाला तर आधी कलेक्टरचा दाखला पाहिजे. म्हणजे ज्याच्यावर दावा लावायचा त्याचीच आधी परवानगी काढायची! पुढं १८७६ साली मुंबई इलाख्यासाठी महसुली अधिकारक्षेत्राचा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्टच लिहिलं की वंशपरंपरागत हुद्देदाराच्या किंवा गावनोकराच्या वतनाच्या मिळकतीबद्दल सरकारवर दावा असेल, तर तो दिवाणी कोर्टाला चालवता येणार नाही. महसूल खात्याविरुद्धची तक्रार महसूल खात्याकडंच. मामलेदाराचं गाऱ्हाणं प्रांताकडं, प्रांताचं कलेक्टरकडं, कलेक्टरचं कमिशनरकडं. चोराच्या घरी चोरीची फिर्याद.

वतनापलीकडचा दावा कोर्टात न्यायचा म्हटलं, तरी १९०८च्या दिवाणी संहितेचं ८०वं कलम होतं. सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस. ते कलम आजही आहे. शिवाय वकील, स्टँप, तारखा. लंगड्या पणज्याला यातलं काय झेपणार होतं?

म्हणून अर्ज. आपल्या चळवळीचा आरंभच अर्जानं झाला. महारांना पुन्हा लष्करात घ्या म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यापर्यंत विनंती पोचवली. त्या माणसांना कमी लेखू नका. दारच एक उघडं होतं, आणि तेही वाकूनच आत जावं लागेल एवढं ठेंगणं.

३

हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. राजावर दावा लागत नाही, हा जुना विलायती न्याय. अमेरिकेनं राजा हाकलला, पण हा न्याय ठेवून घेतला. तिथं सरकारकडं कुणाचं येणं असेल, तर त्यानं थेट कायदेमंडळाकडं, म्हणजे काँग्रेसकडं जायचं. काँग्रेसनं त्या एका माणसापुरता कायदा करायचा. त्या कायद्यात त्याचं नाव आणि रक्कम. त्याला तिकडं खासगी कायदा म्हणतात. आपल्या विधानसभेत खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं आणलेलं विधेयक. तिकडचा अर्थ वेगळा. असे दावे इतके साठले की १८५५ साली त्यांनी सरकारवरच्या दाव्यांसाठी वेगळं कोर्ट काढलं, आणि १९४६ साली कायदा करून यातल्या बऱ्याच दाव्यांना कोर्टाची वाट मोकळी केली. तरी त्या आधीच्या दीडशे वर्षांत ज्याची काँग्रेसमध्ये ओळख त्याचा कायदा, ज्याची नाही त्याचा अर्ज टेबलावर, असंच चाललं.

यातलं एक नाव आपण पाठ करावं. हॅरिएट टबमन. गुलाम बाई. १८४९ साली पळाली, आणि परत परत मागं जाऊन तिनं आपल्या माणसांना गुलामीतून बाहेर काढलं. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेसाठी ती स्वैपाकीण झाली, नर्स झाली, वाटाड्या झाली, हेर झाली. १८६३ साली कॉम्बाही नदीवरच्या एका छाप्यात सातशेवर गुलाम सुटले, त्यात ती पुढं होती. युद्ध संपलं. पगार मागायला गेली तर नोंद नाही, हुकूम नाही. तीस वर्षांहून जास्त काळ तिचे दावे लोंबकळले. दुसरा नवरा सैनिक होता म्हणून विधवा या नात्यानं महिना आठ डॉलर मिळू लागले. शेवटी १८९९ साली काँग्रेसनं तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. नर्स म्हणून केलेली सेवा लक्षात घेऊन आठाचे वीस डॉलर झाले. हेर म्हणून जिवावर खेळली, त्याचा दाम नाही. १९१३ साली ती न्यूयॉर्क राज्यात वारली. त्याच साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्क शहरात शिकायला उतरला.

टबमनला वीस डॉलर मिळाले याचा मला आनंद आहे. म्हातारपणी तिची चूल पेटली. पण हिशेब करा. एकीसाठी कायदा झाला. ज्यांचं नाव कुणी घेतलं नाही, त्या बाकीच्या काळ्या आयाबायांचं काय? एकट्याला दिलासा देणारा कायदा सरकारला फार स्वस्त पडतो. एकाची झोळी भरायची आणि हजारांना रांगेत उभं करायचं. प्रत्येकाला वाटतं, पुढचा नंबर माझा.

४

आता वारणेवर परत येऊ. आमचं मूळ गाव नदीच्या उत्तरेला, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात. दक्षिणेला कोल्हापूर संस्थान. एकच नदी, दोन काठ. पाणी तेच, कायदा वेगळा.

दक्षिण काठावर शाहू महाराज होते. २६ जुलै १९०२च्या जाहीरनाम्यानं त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१८ साली संस्थानातली महार वतनं रद्द केली आणि जमिनी रयतावा करून दिल्या. म्हणजे सारा भरा, कसा, पण चावडीवर राबायला येऊ नका. त्याच सुमाराला वेठबिगार बंद केली, गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी बंद केली, कुलकर्णी वतनं काढून तलाठी नेमले. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावची परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते, महाराज स्वतः आले.

महाराजांकडं एकेकटा माणूसही गाऱ्हाणं घेऊन जाई. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट कोल्हापुरात कोण जाणत नाही? पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारलं. ते महाराजांपुढं उभे राहिले. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं चहा घेतला. अर्जाचं उत्तर असंही देता येतं!

पण मित्रांनो, भक्ती बाजूला ठेवून विचार करू. ही राजाची माया होती. राजा मोठा म्हणून हुकूम मोठा. ६ मे १९२२ ला महाराज गेले. राजाच्या सहीनं मिळालेलं राजाच्या सहीनं जाऊ शकतं. आणि नदीच्या उत्तर काठावर त्या सहीला किंमतच नव्हती. १९१८ साली दक्षिण काठावर वतनाची बेडी तुटली. वीस वर्षांनी, १९३८ साली, उत्तर काठावर माझ्या पणज्याचा पाय त्याच बेडीत मोडला.

५

बाबासाहेबांची वाट इथून वेगळी होते.

१९२७ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात आले. निवडून नव्हे, सरकारनं नेमलेले. त्याच साली त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढलं आणि त्यात महार वतनावर लिहिलं. महारांच्या अर्जांचे गठ्ठे त्यांच्यापुढंही येत असणार. प्रत्येक अर्जासाठी कौन्सिलात एक प्रश्न विचारून, एकेकाला दहा-वीस रुपये मिळवून देऊन, वाहवा घेता आली असती. आजचे आपले पुढारी तेच करतात.

त्यांनी ते केलं नाही. १९ मार्च १९२८ ला त्यांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. मागणी साधी होती. ज्या वतनदाराला सुटायचं आहे त्याला नोकरीतून मोकळं करा, जमिनीचा पूर्ण सारा तो भरेल, जमीन त्याच्याकडं राहू द्या. बलुत्याचं रोख पैशांत रूपांतर करा आणि ते साऱ्याबरोबर सरकारनं वसूल करावं, म्हणजे महाराला खळ्यावर पदर पसरायला नको. ज्यांच्याकडून काम घ्यायचं त्यांचं काम कायद्यात लिहा. देशमुख-देशपांड्यांना जे साठ वर्षांपूर्वी दिलं त्याहून जास्त यात काय होतं?

त्यात कुणाचं नाव नव्हतं. रक्कम नव्हती. दया नव्हती. पण त्यात माझ्या पणज्याचा अर्ज होता, आणि त्याच्यासारख्या लाखोंचा होता. कोर्टानं जो दावा ऐकायचा नाही असा १८७६चा कायदा सांगत होता, तोच दावा बाबासाहेबांनी कायदा करणाऱ्यांच्या तोंडावर नेऊन ठेवला. कोर्टाला कायद्यानं कुलूप घातलं असेल तर किल्ली कायदेमंडळात आहे, हे त्यांनी ओळखलं.

ऑगस्ट १९२८ मध्ये त्यांनी त्यावर भाषण केलं. विधेयक निवड समितीकडं गेलं. समितीतून ते असं कापून, छाटून आलं की बाबासाहेबांनी १९२९ साली ते परत घेतलं. लक्षात घ्या. मिळेल तेवढं पदरात पाडून ‘आम्ही करून दाखवलं’ म्हणाले नाहीत. अर्धं विधेयक म्हणजे बेडीला नवा रंग, हे त्यांना कळत होतं. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार घेऊन ते विधानसभेत आले आणि वतनाचा प्रश्न त्यांनी पुन्हा विधेयकाच्या रूपात मांडला. आत विधेयक आणि बाहेर परिषदा. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला वतनदार महार-मांगांच्या परिषदा झाल्या. वतनी जमिनीवर वाढवलेल्या कराच्या विरोधात माणसं पायी चालत आली. सभागृहातला आवाज सभागृहाबाहेरच्या पायांवर उभा होता.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८चा. अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. पहिल्या विधेयकापासून एकतीस वर्षं. आमच्या ट्रंकेतही अर्ज एकतीस. योगायोगच, पण तो आकडा मी विसरत नाही.

६

त्या कायद्यानं काय केलं? महारकी गेली. ही गोष्ट लहान नाही. आजी म्हणायची, “त्या वर्सापास्नं रातचं दार वाजलं की काळजात धस्स व्हायचं थांबलं.” पण जमिनीचं काय? वतन रद्द झालं तशा वतनी जमिनी आधी सरकारजमा झाल्या. मग पूर्ण साऱ्याच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली, की जमीन त्याच वतनदाराला पुन्हा दिली. त्या पैशाला कब्जेहक्काची किंमत म्हणतात. आणि शर्त घातली की कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि सरकार ठरवील तो नजराणा भरल्याशिवाय ही जमीन कुणाला देता यायची नाही.

खरं ते सांगतो. साऱ्याच्या तिप्पट ही रक्कम आकड्यानं मोठी नव्हती. पणज्यानं ती भरली. आजीच्या हातातली चांदीची पाटली त्यात गेली. चलनाची पावती ट्रंकेत आहे, चौकोनी घडी घातलेली. आणि शर्त घालण्यामागं कारणही होतं, की सावकारानं आणि बागायतदारानं गरिबाची जमीन गिळू नये.

पण माझा प्रश्न हिशेबाचा आहे. सरकारनं जमिनीची किंमत मोजली. घोड्यापुढं पळालेल्या पायांची किंमत कुणी मोजली? पुरातल्या टपालाची? बिनपगारी रात्रींची? वतन रद्द करताना वतनदाराकडून सरकारचं येणं वसूल झालं. वतनदाराचं सरकारकडं जे येणं होतं, त्याची खातेवहीच उघडली नाही. देणेकऱ्यानं घेणेकऱ्याकडून पैसे घेऊन पावती दिली, असा हा व्यवहार!

७

आता आजचं. तुम्ही म्हणाल, आता घटना आहे, कोर्ट उघडी आहेत. आहेत. घटनेच्या ३००व्या कलमानं सरकारवर दावा लावता येतो. पण त्या कलमानं जबाबदारी घटनेच्या आधी होती तेवढीच ठेवली, आणि पुढचा कायदा कायदेमंडळानं करावा असं म्हटलं. सरकारी नोकराच्या चुकीनं झालेल्या नुकसानीबद्दल असं विधेयक १९६५ आणि १९६७ साली संसदेत आलं. पास झालं नाही. पोलीस ठाण्यात जमा केलेलं सोनं हवालदारानं पळवलं, तरी सरकार जबाबदार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं १९६५ साली कस्तुरीलाल खटल्यात दिला. पुढं हवा बदलली. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं बिहारच्या तुरुंगात सडलेल्या रुदुल शहाला त्याच कोर्टानं १९८३ साली भरपाई दिली. दार किलकिलं झालं. आणि घटनेचं ३५०वं कलम सांगतं की आपलं गाऱ्हाणं आपल्या भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. विधिमंडळात विनंती अर्ज समितीसुद्धा आहे.

एवढं सगळं असून आमच्या घरी काय झालं ते सांगतो. माझी आई आजारी पडली. ऑपरेशनला पैसा नव्हता. बापानं पणज्याची ती जमीन गावच्या एका बागायतदाराला शंभराच्या स्टँपवर लिहून दिली. परवानगी नाही, नजराणा नाही. आई वाचली. जमीन गेली. तिथं आता ऊस आहे. साताबाऱ्यावर अजून आमच्या भावकीची तेरा नावं आहेत, भोगवटा वर्ग दोन, इतर हक्कात शर्तीचा शेरा.

मी एका कचेरीत चौकशीला गेलो. तिथला कारकून वाईट नव्हता. त्यानं चष्मा वर केला आणि हळूच म्हणाला, “अर्ज कर की. पण शर्तभंग झालाय. चौकशी लागली तर जमीन त्याच्याकडनं काढतील, पण तुला देतीलच असं न्हाई. सरकारजमा झाली तर?”

मी अर्ज खिशात घालून परत आलो. बत्तिसावा. अजून दिलेला नाही.

बघा हे कसं आहे ते. दावा लावला तर दावा लावणाराच आधी बुडण्याची भीती. गप्प बसलो तर ऊस त्याचा. एकटा माणूस या कात्रीतून सुटत नाही. पणजा सुटला नाही, बाप सुटला नाही.

पण कागलच्या पुढं निपाणीकडं जा. हद्द ओलांडली की कर्नाटक. तिथं १९७८ साली कायदा झाला. अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेली जमीन शर्त मोडून दुसऱ्यानं घेतली असेल, तर ती काढून मूळ धारकाला किंवा त्याच्या वारसाला परत द्यायची. आपल्याच महाराष्ट्रात आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४चा कायदा आहे. हे कायदे कुणा एका अर्जदारावर दया येऊन झाले नाहीत. मग महार वतनाच्या जमिनींसाठी, शर्तभंगाची शिक्षा फसलेल्याच्या वारसाला होणार नाही, जमीन सरकारजमा न होता घरात परत येईल, असा सरळ कायदा आपण का मागू नये? पूर्वी दोन काठांवर दोन कायदे होते. आज हद्दीच्या दोन बाजूंना दोन कायदे आहेत.

मित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येकजण वस्तीत कुणा ना कुणाचे अर्ज लिहून देतो. मीही देतो. ते काम सोडू नका, म्हातारीचं पेन्शन अर्जाशिवाय सुरू होत नाही. पण अर्ज लिहिताना एक प्रत आपल्याकडं ठेवा. गावाचं नाव, गट नंबर, जमीन कशी गेली, कधी गेली, सगळं एका वहीत उतरवा. शंभर वेगळे अर्ज शंभर टेबलांवर मरतात. शंभर अर्ज एका वहीत आले की ते विधेयकाचा कच्चा मसुदा होतात. बाबासाहेबांनी १९२८ साली जे केलं ते हेच होतं. विद्वत्ता त्यांची होती, पण मजकूर आपल्या माणसांच्या पायांनी लिहिलेला होता.

येत्या रविवारी माझी सुट्टी आहे. गावच्या विहारात आमच्या भावकीतल्या तेरा नावांचे वारस जमणार आहेत. काही येणार नाहीत, काहींना बागायतदाराची भीती आहे, दोघांची त्याच्याकडं उचल आहे. येतील तेवढे येतील. मी ट्रंक घेऊन जाणार आहे. पणज्याचा १९३८चा कागद सगळ्यांत वर ठेवणार आहे.

माझ्या खिशातल्या बत्तिसाव्या अर्जात मी एक दुरुस्ती केली आहे. शेवटी ‘आपला नम्र अर्जदार’ लिहिलं होतं, ते खोडलं. खाली तेरा सह्यांची जागा सोडली आहे.

जयभीम.